प्रतिज्ञा एकदा घ्यायची, रोज पाळायची

(विहाराच्या सुवर्णमहोत्सवी वर्धापनदिनी केलेले भाषण)





मी काही व्याख्याता नाही. खोपोलीकडच्या एका कागद गिरणीत तीस वर्षे तिन्ही पाळ्यांत काम केलेला मी साधा कामगार. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण रात्रपाळीत झाले. मशीन नीट चाललेली असली की पहाटे दोन ते चार डोळ्यांवर झापड येते. ती येऊ नये म्हणून मी बाबासाहेबांचे ग्रंथ वाचायला लागलो, आणि मग झोप कायमचीच उडाली!

समितीने मला विषय दिला आहे 'धम्मदीक्षा आणि आपली जबाबदारी'. विषय मोठा आहे, माझी झोळी लहान आहे. म्हणून त्यातला एकच प्रश्न मी घेतो. दीक्षा घेताना आपण बावीस प्रतिज्ञा घेतो. त्या म्हणायला किती वेळ लागतो? सावकाश म्हटल्या तरी दहा मिनिटे पुरतात. पाळायच्या मात्र मरेपर्यंत. दहा मिनिटांत दिलेला शब्द आयुष्यभर टिकवायचा कसा, एवढाच माझा प्रश्न आहे.

बंधुभगिनींनो, शब्द पाळणे म्हणजे काय हे आधी बाबासाहेबांकडूनच शिकले पाहिजे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्माला येणे माझ्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून मी मरणार नाही. त्यानंतर निरनिराळ्या धर्मांची मंडळी त्यांच्याकडे आली. आमच्यात या म्हणाली. बाबासाहेब घाईने कुठेही गेले नाहीत. वाचत राहिले, पारखत राहिले. मध्ये मंत्रिपद आले आणि त्यांनी ते सोडले. १९५२ आणि १९५४ च्या निवडणुकांत पराभव झाला. प्रकृती ढासळली. पण शब्द ढासळला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी त्रिशरण आणि पंचशील घेतले आणि मग लाखो अनुयायांना स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. हिशेब करा. येवल्याचा शब्द त्यांनी एकवीस वर्षे आणि वर एक दिवस सांभाळला, आणि मग खरा करून दाखवला.

आणि पुढे काय झाले? ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दीक्षेनंतरचा तो त्रेपन्नावा दिवस. ज्यांनी प्रतिज्ञा दिली ते दोन महिनेसुद्धा आपल्यात राहिले नाहीत. आता चुकलो तर विचारायचे कोणाला? आपल्या आईबापांनी, आजीआजोबांनी या प्रतिज्ञा पाळल्या त्या पोरकेपणात पाळल्या, हे आपण विसरता कामा नये.

७ डिसेंबर १९५६ रोजी दादरला अंत्यसंस्काराच्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. त्या गर्दीत वीस वर्षांचा एक बदली कामगार होता. परळच्या एका गिरणीत महिन्यातले दहा-बारा दिवस त्याला काम मिळायचे. तो माझा बाप. ते सांगायचे, ''रडण्याच्या आवाजात शब्द काय ऐकू येत नव्हते. हात वर केला, एवढं आठवतं.'' पुढे गावी आल्यावर बौद्धाचार्यांनी एकेक प्रतिज्ञा सांगितली आणि त्यांनी ती पुन्हा म्हटली.

गावी येऊन त्यांनी पहिले काम केले ते देव काढण्याचे. देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि ओढ्याच्या डोहात सोडले. आजी दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही. तिनेही दीक्षा घेतली, पांढरे लुगडे नेसून घेतली. आजी वारली. नंतर १९७९ साली घरातली भाताची जुनी कणगी मोडली, तर तळाशी चिंधीत गुंडाळलेला एक टाक निघाला. मी अकरा वर्षांचा होतो, मला चांगले आठवते. आई घाबरली. वडील बराच वेळ तो हातात धरून बसले आणि म्हणाले, ''म्हातारीचा जीव अडकला होता गं.'' मग तेही डोहावर जाऊन सोडून आले.

माझी आजी खोटी होती काय? मी तसे मानत नाही. त्या टाकाला तिने कधी हळदकुंकू वाहिलेले कोणी पाहिले नाही. पण सहा बाळंतपणे, दोन पोरांची मरणे, पटकीची साथ, या सगळ्यांत ज्याच्या नावाने तिने हाका मारल्या त्याला सोडताना तिचा हात थरथरला. मी हे तिची निंदा करण्यासाठी सांगत नाही. प्रतिज्ञा तोंडाने घेतली की ती आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, कधी एक पिढी लागते, एवढेच मला सांगायचे आहे. प्रत्येकाच्या घरात अशी एखादी कणगी असते. तिच्या तळाशी काय आहे ते आपण अधूनमधून पाहिले पाहिजे.

आता प्रतिज्ञांकडे वळू. बावीसही डोळ्यांपुढे आणा. पहिल्या आठ मुख्यतः काय सोडायचे ते सांगतात. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानायचे नाही, श्राद्धपक्ष करायचा नाही, पिंडदान करायचे नाही वगैरे. नवव्या प्रतिज्ञेपासून काय करायचे ते सुरू होते. सर्व माणसे समान मानायची, समतेसाठी झटायचे, अष्टांग मार्ग, दहा पारमिता, प्राणिमात्रांवर करुणा. मग चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटे नाही. सतरावी दारूची. अठरावी प्रज्ञा, शील, करुणा यांच्या मेळाने जगण्याची.

आपण कोणत्या पाळल्या? प्रामाणिकपणे बोलू. सोडायच्या होत्या त्या आपण बऱ्याच पाळल्या. आणि ते सोपे नव्हते. आपल्या रायगड जिल्ह्यात गौरी-गणपती म्हणजे काय असते हे मी सांगायला नको. मुंबईची गिरणी सुटायची, गाड्या भरून माणसे यायची, घराघरात आरती. अशा वेळी बौद्धवाड्यातली पोरे ओटीवर बसून लांबून टाळ ऐकत राहायची. लहान पोराला ते जड जाते. तरी आपल्या माणसांनी पाळले.

मला पुष्कळ तरुण विचारतात, ''काका, कंपनीतल्या मित्राकडे गणपतीला गेलो, मोदक खाल्ला. प्रतिज्ञा मोडली का?'' मी सांगतो, माझ्या अल्पमतीप्रमाणे नाही मोडली. शेजाऱ्याच्या आनंदात बसणे हा शेजारधर्म आहे. बाबासाहेबांनी आपल्याला माणूसघाणे व्हायला सांगितलेले नाही. पण पोरगी आजारी पडली म्हणून रात्री कोणाला न सांगता नवस बोललास, बोकड कबूल केलास, तर मोडली. मोदकात प्रतिज्ञा मोडत नाही, भीतीत मोडते.

दुसरा प्रश्न दाखल्याचा. माझ्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' असे लिहिलेले आहे. ज्या माणसाने दादरला हात वर केला त्यानेच मास्तरांना ते सांगितले. का? कारण महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, तरी केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळत नव्हत्या. १९९० साली, व्ही. पी. सिंग पंतप्रधान असताना, कायद्यात दुरुस्ती झाली आणि ते दार उघडले. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या लोकांपुढे हा पेच होता. धम्म लिहायचा की पोराची नोकरी? पोटाच्या सक्तीने कागदावर जे लिहिले त्याला मी प्रतिज्ञाभंग म्हणणार नाही. ज्याने त्याही काळात 'बौद्ध' लिहिले आणि सोसले त्याला मात्र मी वंदन करीन. पण आता ती सक्ती उरली नाही. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे ८४ लाख आणि त्यांतले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात नोंदले गेले. येणाऱ्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात काय सांगायचे हे घरातल्या प्रत्येकाला आजच समजावून ठेवा.

आता मी अवघड ठिकाणी येतो. सतरावी प्रतिज्ञा. मी दुसऱ्या कोणाच्या घरातले बोलणार नाही, माझ्या घरातले बोलतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांतले एक. संप मिटला असे कोणी म्हटलेच नाही, गिरणीही परत मिळाली नाही. वडील गावी आले, वीटभट्टीवर कामाला लागले आणि दारूला लागले. ज्या माणसाने देव डोहात सोडले, ज्याने या विहाराच्या पहिल्या कुडाच्या भिंतीला शेण-माती लावली, तो माणूस संध्याकाळी या विहाराच्या मागच्या वाटेने झोकांड्या खात जायचा. पुढच्या वाटेने जायची लाज वाटायची म्हणून मागच्या. मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. मी त्यांना एकदा तोंडावर म्हणालो, ''तुमच्या प्रतिज्ञेचा काय उपयोग?'' त्यांनी उत्तर दिले नाही.

१९८७ च्या आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होती. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन संपले. बौद्धाचार्यांनी विचारले, कोणाला काही बोलायचे आहे का? शेवटच्या रांगेतून वडील उठले. म्हणाले, ''मी सतरावी मोडली. रोज मोडतो. मला ती परत घ्यायची आहे.'' सभेत एक माणूस हसला. बौद्धाचार्यांनी त्याच्याकडे नुसते पाहिले, आणि वडिलांना पुढे बोलावून एकट्या सतराव्या प्रतिज्ञेचा उच्चार करायला लावला.

इथे माझे भाषण संपले असते तर किती छान झाले असते! पण तसे झाले नाही. तीन महिन्यांत वडिलांनी ती पुन्हा मोडली. पुढच्या वर्षी पुन्हा उठले, पुन्हा घेतली. पुन्हा मोडली. चार वेळा असे झाले. चौथ्यांदा कोणी हसले नाही. त्या चौथ्या खेपेनंतर विहारातले दोघे जण रोज संध्याकाळी भट्टी सुटायच्या वेळी त्यांच्यासोबत चालत घरी यायचे. उपदेश करीत नव्हते. पाऊसपाण्याच्या, भाताच्या गप्पा मारीत यायचे. वर्षभर आले. वडील २०११ साली गेले, तोपर्यंत त्यांनी दारूला हात लावला नाही.

मी पुष्कळ दिवस या गोष्टीचा विचार केला. माझ्या बापाची प्रतिज्ञा कशाने टिकली? मनाच्या निग्रहाने? निग्रह तर आधीही होता. टिकली ती दोन गोष्टींनी. एक, मोडली हे कबूल करायला त्यांना जागा मिळाली. आणि दुसरी, संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालणारी माणसे मिळाली.

माझ्या गिरणीतले उदाहरण देतो. चालत्या मशीनवर ओला कागद मधूनच तुटतो. कितीही हुशार कामगार असो, तुटतो. तुटला म्हणून कोणी मशीन भंगारात काढत नाही. चौघे जण धावतात, खराब कागद ओढून बाजूला करतात, आणि टोक धरून पुन्हा तापलेल्या सिलिंडरवर चढवतात. एकट्याने ते टोक चढत नाही. आणि तुटलेले लपवून ठेवले तर खाली कागदाचा डोंगर होतो आणि सगळीच मशीन बंद पडते. प्रतिज्ञेचेही तसेच आहे.

हे माझे डोके नाही, हे तथागतांनीच शिकवले आहे. पंचशील म्हणताना शेवटी आपण 'समादियामि' म्हणतो. त्याचा अर्थ 'मी स्वतःवर घेतो'. कोणी वरून हुकूम सोडलेला नाही. आणि ज्याला आपण शील म्हणतो त्याला तिथे 'सिक्खापद' म्हटले आहे, म्हणजे शिकण्याचा नियम. शिकणारा चुकतो. म्हणून तर आपण पंचशील एकदा घेऊन थांबत नाही, प्रत्येक वंदनेला नव्याने घेतो. भिक्खू संघातसुद्धा दर पंधरवड्याला उपोसथ असतो. थेरवादी परंपरेत भिक्खूंचे २२७ नियम आहेत. ते एकत्र म्हणायचे, आणि ज्याच्या हातून काही घडले असेल त्याने ते आधी सांगून टाकायचे. वर्षावास संपताना पवारणा असते. त्या दिवशी प्रत्येक भिक्खू बाकीच्यांना विनंती करतो की माझ्यात काही वावगे पाहिले असेल, ऐकले असेल, किंवा शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा. विचार करा. घरदार सोडलेल्या माणसांनासुद्धा एकट्याने शील पाळता येईल असे तथागतांनी गृहीत धरले नाही. मग आपण तर संसारी माणसे.

आता माझी स्वतःची कणगी तुमच्यापुढे उघडतो. इथे बसलेल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट अर्धी माहीत आहे, आज पुरी ऐका.

नववी प्रतिज्ञा समतेची. मी तिच्यावर शंभर भाषणे केली असतील. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, कामगारांच्या सभांत. २०१८ साली माझ्या मुलीने सांगितले की तिला लग्न करायचे आहे. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, कामाला. पण मातंग समाजातला. मी म्हणालो, ''मुलगा चांगला आहे गं, पण आपल्यातला नाही.'' हे शब्द माझ्या तोंडून निघाले. मुलगी म्हणाली, ''पप्पा, लहानपणी तुम्हीच आमच्याकडून बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या. नववी म्हणून दाखवू का?''

मला राग आला. मी तिच्याशी तीन महिने बोललो नाही. त्या तीन महिन्यांत दोन ठिकाणी समतेवर भाषण करून आलो आणि टाळ्या घेऊन आलो. आजीने टाक लपवला होता तो भाताखाली, मी जात लपवली होती ती भाषणाखाली. शेवटी रात्रपाळीत एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारले, ''तुझं काहीतरी बिनसलंय, काय ते सांग.'' मी सांगितले. त्याने मला शिव्या घातल्या नाहीत की समजूत काढली नाही. तो एवढेच म्हणाला, ''मग आमच्याबरोबर डबा खातोस तो कसा?'' तो चर्मकार समाजातला होता.

त्या सकाळी पाळी सुटल्यावर मी लोकलने घरी न जाता केळवली स्टेशनवर दोन गाड्या सोडून बसलो. मग घरी आलो आणि मुलीपुढे बसून नववी प्रतिज्ञा म्हटली. लग्न याच विहारात झाले. त्या लग्नाला आपल्यातली काही घरे आली नाहीत. मी त्यांची नावे घेणार नाही आणि मला राग नाही, कारण तीन महिने मीही त्याच रांगेत उभा होतो. पण आज पन्नासाव्या वर्धापनदिनी एवढे विचारतो. देव सोडणे आपल्याला जमले, मग जात सोडणे का जमू नये? देव तर आपल्यावर लादलेले होते, आणि जातही लादलेलीच होती ना!

बावीस प्रतिज्ञा या आपल्या भिंतीपुरत्या नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर समाजाची वाडी. २७ मृतदेह मिळाले आणि मग शोध थांबवावा लागला, कितीतरी माणसे त्या मातीतच राहिली. आपल्या विहारातून तांदूळ, कपडे घेऊन पोरे चौकच्या बाजूला निघाली तेव्हा एकाने त्यांना विचारले, ''ती आपली माणसं आहेत का?'' पोरांनी उत्तर दिले नाही, टेम्पो भरत राहिली. मी त्या पोरांना आज सर्वांसमक्ष जय भीम करतो. दहावी प्रतिज्ञा आणि तेरावी प्रतिज्ञा त्यांनी पाळली, आणि पाठ म्हणून न दाखवता पाळली.

बंधुभगिनींनो, नुसते बोलून मी थांबणार नाही. समितीपुढे चार सूचना ठेवतो. पटल्या तर घ्या, नाही पटल्या तर सोडून द्या.

पहिली, दर पौर्णिमेला वंदनेनंतर बावीस प्रतिज्ञा सर्वांनी मिळून म्हणाव्यात, आणि त्यानंतर पाच मिनिटे शांत बसावे. महिनाभरात कोणती मोडली ते ज्याने त्याने मनाशी पाहावे. ज्याला बोलायचे त्याने बोलावे. आणि हसणाऱ्याला बाहेर बसवावे!

दुसरी, हळदीची दारू. लग्न बौद्ध पद्धतीने, पंचशील घेऊन, आणि आदल्या रात्री मांडवामागे खोकी उघडलेली, हे चित्र आपल्या दोन्ही तालुक्यांत आहे. आता तर शनिवार-रविवारी फार्महाऊसची गर्दी, आपली पोरे तिथेच कामाला, दारू हाताशी. ज्या घरी हळदीला दारू असेल त्या घरचे लग्न लावायला विहाराने जाऊ नये असा ठराव करावा. आणि कोणी व्यसन सोडतो म्हणाला, तर त्याच्याबरोबर संध्याकाळी चालायला दोन माणसे नेमून द्यावीत. ठरावापेक्षा ती दोन माणसे महत्त्वाची.

तिसरी, विसावा भाग. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मासाठी द्यायला सांगितले. शंभराला पाच. माझा पहिला पगार नऊशे रुपये होता, त्यातले पंचेचाळीस आईने या विहाराच्या पेटीत टाकायला लावले. तेव्हा मला ते फार वाटले. आज डोक्यावर हा स्लॅब आहे तो अशाच पंचेचाळीस-पंचेचाळीस रुपयांचा आहे. कोण्या पुढाऱ्याच्या निधीचा नाही.

चौथी, विहाराचे दार संध्याकाळी अभ्यासासाठी उघडे ठेवावे, आणि ते शेजारच्या कातकरीवाडीतल्या मुलांसाठीही उघडे असावे. नववी प्रतिज्ञा मुलांना पाठ करून शिकवण्यापेक्षा एका सतरंजीवर बसवून शिकवावी.

आणि आता शेवटचे. आपल्या कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाणे लेणी आहेत. पावसाळ्यात शहरातली मंडळी धबधब्यासाठी तिथे जातात, आपणही जातो. पुढच्या वेळी गेलात तर धबधब्याखालून जरा बाहेर या आणि चैत्यगृहाच्या दर्शनी भागाला डावीकडे असलेली भंगलेली मूर्ती पाहा. तिच्या बाजूला ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. कण्ह नावाच्या गुरूचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच त्याचा अर्थ. ना राजाचे नाव, ना दानाची रक्कम. अंतेवासी म्हणजे शिष्य, पण शब्दाचा अर्थ पाहाल तर जवळ राहणारा.

बलकाने स्वतःला मोठा कारागीर म्हटले नाही. गुरूच्या जवळ राहणारा म्हटले. आपले बाबासाहेब त्रेपन्नाव्या दिवशी गेले, त्यांच्याजवळ राहण्याचे भाग्य आपल्या वाट्याला आले नाही. पण एकमेकांच्या जवळ राहणे आपल्या हातात आहे. मोडलेली प्रतिज्ञा घेऊन कोणी मागच्या वाटेने जात असेल, तर त्याला पुढच्या दाराने आत बोलावणे आपल्या हातात आहे. ज्या विहारात हे होते ते पन्नास काय, पाचशे वर्षे टिकेल. ज्या विहारात होत नाही, त्याचा स्लॅब कितीही पक्का असो, ती नुसती इमारत आहे.

माझ्या बोलण्यात काही अधिकउणे झाले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मला येऊन तोंडावर सांगा. पवारणा समजून ऐकून घेईन.



नमो बुद्धाय! जय भीम!